पेडलवरचा पाय

अप्पा, तुमची गाडी अजून माझ्याकडंच आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, ह्यांना जाऊन सहा. लेक बेंगळुरूला असते आणि मी शाळेतून निवृत्त होऊन हुमनाबादच्या आपल्या घरात एकटी आहे. आठवड्यातून एकदा गाडी काढते, हळ्ळीखेडपर्यंत जाते आणि परत येते. तिथं माझं काही काम नसतं. गाडी चालू राहावी म्हणून जाते असं शेजारणीला सांगते, पण खरं म्हणजे तेवढाच वेळ घरात आवाज नाही हे जाणवत नाही.

गेल्या महिन्यापासून ब्रेकचं पेडल खाली जायला लागलं. दोनतीनदा दाबलं की मग धरतं. हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि म्हणाला, ''मॅडम, भंगारात घाला हिला.'' मी म्हटलं, तुझ्या आज्याला घातलंस का? तो हसला, पण गाडीला हात काही लावला नाही. तेव्हा मी ठरवलं की हे काम आपणच करायचं. हसू नका. उभ्या जन्मात मी साधं चाक बदललेलं नाही, हे मलाही माहीत आहे. पण तुमचं ते गाडीदुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक मी तुम्हाला कितीदा वाचून दाखवलं होतं! आई भाकरी थापायची, तुम्ही चुलीपुढं पाटावर बसायचा आणि मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची. तुम्ही मधेच थांबवून म्हणायचा, पुन्हा सांग. आई कंटाळून म्हणायची, त्या पुस्तकात एकदा मीठ किती घालायचं तेही बघा.

ते पुस्तक घरात सापडलं नाही. माळा पाहिला, तुमची ट्रंक पाहिली. कलबुर्गीला, म्हणजे आपल्या गुलबर्ग्याला, जाऊन सुट्या भागांची तीन दुकानं पालथी घातली. पुस्तक मागितल्यावर दुकानदार माझ्याकडं असे बघायचे की मी त्यांच्याकडं जणू पंचांग मागतेय. लेकीनं फोनवर दोन ठिकाणं शोधून दिली. एका ठिकाणी दुसऱ्याच गाडीची पानं निघाली, दुसऱ्या ठिकाणी पुस्तकाच्या आधी माझ्या कार्डाचा नंबर हवा होता. शेवटी ती वैतागली. ''आई, व्हिडिओ बघ ना, सगळं दाखवतात.'' व्हिडिओही पाहिले. भराभर बोलणारी माणसं, स्वच्छ हात, आणि पेडलवर कोण बसलंय ते एकातही दाखवत नाहीत.

मला मात्र तेच पाहायचं होतं. ब्रेक दुरुस्त करायचे होते हे खरंच, पण पुस्तकातलं एक पान मला वेगळ्या कारणासाठी हवं होतं. ब्रेकच्या तेलात हवा राहिली की पेडल खाली जातं; ती हवा राहण्याचं आणखी काही कारण असतं का, हे बघायचं होतं. नळीला चीर, झिजलेलं रबर, काहीही. चाळीस वर्षं मी एकच कारण धरून बसलेय आणि ते कारण मी आहे.

तो दिवस तुमच्या लक्षात असणारच. तुमचा मदतनीस लग्नाला गावी गेला होता आणि एका वकिलांची गाडी संध्याकाळच्या आत द्यायची होती. मी बी.एड. करून नोकरीच्या पत्राची वाट बघत घरी बसले होते. तुम्ही म्हणालात, बाई, जरा पेडलवर बस. आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये तुमची बोली बदलायची. घरी मराठी, शेडमध्ये दखनी. तुम्ही चाकापाशी आडवे होता आणि ओरडता, ''मार, मार, मार. पकड!'' मी तीनदा पेडल मारते, चौथ्यांदा दाबून धरते आणि म्हणते, ''हौ.'' मी हौ म्हटल्याशिवाय तुम्ही चाकामागची तेल सोडायची तोटी, तो निपल, उघडत नाही. तेल बुडबुडे घेऊन डब्यात पडतं, तुम्ही निपल आवळता आणि म्हणता, ''छोड.'' तोवर पाय हलवायचा नाही. पाय आधी सुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, हे तुम्ही मला बसवतानाच बजावलं होतं. तीन चाकं झाली. चौथ्याला तुम्ही ''पकड'' म्हणालात, मी हौ म्हटलं, तुम्ही निपल उघडला आणि माझा पाय सुटला. मी लगेच पुन्हा दाबला. तुम्ही खालून विचारलंत, ''पकडलीस ना?'' मी म्हटलं, ''हौ.'' एरवी शेवटी तुम्ही स्वतः बसून पेडल बघायचा. त्या दिवशी वकील घाई करत उभे होते. मला विचारलंत, पेडल कडक हाय का. मी त्यालाही हौ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. बसस्टँडच्या वळणावर पेडल खाली गेलं होतं. वकिलांनी हातब्रेक ओढला म्हणून एक म्हातारी आणि तिची शेळी वाचली. चहाच्या टपरीवरची सगळी माणसं ऐकत होती. तुम्ही एवढंच म्हणालात, ''चूक माझी हाय.'' घरी आल्यावर मला एकदाच विचारलंत, ''पाय सुटला व्हता का गं?'' मी म्हटलं, ''न्हाई.'' तुम्ही मान डोलावली आणि जेवायला बसलात. त्यानंतर तुम्ही ब्रेकचं काम घेणंच बंद केलं. क्लच, इंजिन, स्प्रिंगचे पाटे सगळं करायचा, पण ब्रेक म्हटलं की माणसाला दुसऱ्या उस्तादाकडं धाडायचा. पुढं ही गाडी घेतलीत तेव्हा स्वतःच्या गाडीचे ब्रेकसुद्धा त्याच्याकडून करून घेतलेत. तुमचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला, तो माझ्यामुळं गेला, असं मी तेव्हापासून मानत आले. आणि तरी बोलले नाही.

मागच्या आठवड्यात त्या उस्तादाकडं गेले. खूप म्हातारे झालेत. डोळे गेलेत, पण तुमची लेक म्हटल्यावर हात चाचपडत उठून उभे राहिले. पुस्तकाची गोष्ट काढताच सुनेला कपाटाकडं पिटाळलं. ''तुमारे अब्बाच दिए थे मेरेकू. ब्रेक का काम आया तो ये देख के करना, बोले.'' इंग्रजी त्यांना तुमच्याइतकंच येत होतं, म्हणजे मुळीच नाही. तरी पुस्तक जपून ठेवलंय, वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय. मी तिथंच ओट्यावर बसून ते पान काढलं. हवा राहण्याची चार कारणं दिली आहेत. आपल्या त्या दिवसाला लागू पडणारं एकच, पाय आधी सुटणं. आणि त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीनं तुमचं अक्षर आहे, तुमचं ते एकेक अक्षर सुटं काढलेलं मराठी. ''पेडलवरच्या माणसाला मधे मधे थांबवावे. पाय अवघडतो. अवघडला तरी माणूस सांगत नाही.''

अप्पा, तुम्हाला कळलं होतं. मान डोलावलीत तेव्हाच कळलं होतं. उस्ताद विचारत होते, काय लिहिलंय, आणि मला वाचून दाखवता येईना. तुम्हाला रोज वाचून दाखवणारी मी, तीन वाक्यं मला वाचता आली नाहीत.

आज सकाळी पुस्तक बघून पुढचं चाक काढलं. जमलं. नवं तेल आणलंय, पाना आणलाय, डबा ठेवलाय. निपलही सापडला. मग पुस्तकातली पुढची ओळ आली, की दुसऱ्या माणसाला पेडलवर बसवा. शेजारीण लेकाकडं गेलीय. दुसरं कोण आठवतंय का म्हणून बराच वेळ तिथंच फरशीवर बसून राहिले. या गावात मी तीस वर्षं पोरं शिकवली आणि पेडलवर बस म्हणावं असं एक माणूस मला आठवलं नाही. शेवटी उठून मीच सीटवर जाऊन बसले. तीनदा पेडल मारलं, चौथ्यांदा दाबून धरलं आणि मोठ्यानं म्हटलं, हौ. चाकापाशी कोणी नव्हतं. तरी पाय दुखेपर्यंत धरून ठेवला.

हे पत्र त्याच पानात ठेवणार आहे. दुसरं कुठं ठेवायचं? पण तुम्ही समासात लिहिलंय ते तसंच राहू द्यायला मन घेत नाही, कारण ते खरं नाही. माझा पाय अवघडला नव्हता, अप्पा. शेडसमोर गुलबर्ग्याची बस थांबली आणि त्यातून माझ्या बी.एड.च्या दोन मैत्रिणी उतरल्या. माझ्या वडलांचा मोटारींचा व्यवसाय आहे असं मी त्यांना सांगितलं होतं. तुम्ही चाकापाशी तेलात लडबडून पडला होता. त्यांनी मला तिथं बघू नये म्हणून मी सीटखाली वाकले.