माडांपर्यंतची पावलं

४ जानेवारी
नागावला पोचलो. नोकरी झकास! पर्यटकांना दोन आसनी विमानातून किनारा दाखवायचा आणि दुपारी सुरमई हाणायची. धावपट्टी म्हणजे माडांच्या बागेतून काढलेली गवताची पट्टी. मध्ये चुना फासलेला दगड आहे. तिथवर चाकं उचलली नाहीत, तर उड्डाण सोडून थांबायचं. दगडापासून पलीकडच्या माडांपर्यंत तीनशे दहा पावलं. मी कुणाच्या शब्दावर उडत नाही, स्वतः मोजतो. तिसऱ्या रांगेतल्या एका माडाचा शेंडा मोडलाय. आधीचा वैमानिक त्यावरच आदळून गेला, असं गवत कापणारा दयाराम म्हणाला. येत्या रविवारी माझी लेक आरोही येणार. नऊ वर्षांची झाली, तिला विमानात बसवायचं कबूल केलंय.

८ जानेवारी
आज माड फारच जवळून गेले. उतरून मोजलं, दोनशे साठ. दगड मात्र जागच्या जागी. दयाराम काहीतरी लपवतोय. मी मोजताना तो माझ्या पायांकडे बघत होता.

९ जानेवारी
दोनशे दहा. दयारामला धरला, नवे माड लावतोस का म्हणून झापला. तो म्हणाला, दरवर्षी बागेच्या राखणदाराला, जागेच्या देवाला, नारळ-कोंबडा द्यायचो, मालकांनी बंद केला. बागेला आपली जागा परत पायजे हाय. आधीचे सायबपण अशीच पावलं मोजायचे.
थापा. मला हाकलायचा डाव आहे याचा. पण एवढाले माड कोण हलवेल?

१० जानेवारी
एकशे चाळीस. मोडका माड पहिल्या रांगेत आलाय. मालक विनेशशेठना सांगितलं, उद्याचं उड्डाण नको. ते हसले. घाबरला असाल तर पोरीला मीच फिरवतो म्हणाले, त्यांच्याकडेही परवाना आहे. मला भीती वाटतेय, खरंच वाटतेय. आरोहीच्या आईला फोन करतोय, येऊ नका म्हणून— लागत नाही.

११ जानेवारी, सकाळ
मोडक्या माडाखाली उभा आहे. सत्तर. दगडापाशी उड्डाण सोडलं तरी आता विमान माडांआधी थांबायचं नाही—
आरोही आली की फाटकातूनच परत—
इंजिन. मी तर इथं—
विनेशशेठ. शेजारी पिवळा फ्रॉक, आरोही—
दोन्ही हात हलवले, थांबा म्हणून. तीही हात हलवतेय. हसतेय—
पाठीला खोड टेकलं. मी जागचा हललो नाही, माडच पुढे आला आणि आरोहीच्या विमानाची चाकं अजून गवतातच—