पाटीतली गाडी

५ मे, सोमवार
स्कूटर शेजारच्या गौसच्या गॅरेजच्या खांबाला घासली. महिन्यात तिसऱ्यांदा. खांबच फार पुढे आलाय. उमरनं किल्ली काढून घेतली. चिरंजीव म्हणतात, अब्बा, तुम्हाला आता दिसत नाही. बत्तीस वर्षं एसटी चालवली, एक ओरखडा नाही, आणि हा मला सांगणार!

शेवटी तोड निघाली. आमच्या नातीसाठी, आफरीनसाठी, त्यानं सात रस्ता चौकातल्या दुकानातून जुना व्हिडिओ गेम आणलाय. त्यात मोटारींची शर्यत. शनिवारपर्यंत कठड्याला न घासता एक फेरी मारली तर किल्ली परत. नाहीतर स्कूटर विकायची. लगेच कबूल! रविवारी मंद्रूपला शिवपुत्रकडे जायचंय. माझा जुना कंडक्टर. अंथरुणाला खिळलाय, दर रविवारी वाट बघतो.

६ मे, मंगळवार, सकाळी १०
यंत्र पाहिलं. पोरखेळ. हातात पाटीएवढं खोकं, मध्ये काच. आपली गाडी त्या काचेत, दुसऱ्याची टीव्हीवर. काचेवर बोट दाबलं की हॉर्न. पाटी कलवली की गाडी वळते. म्हणे स्टिअरिंग! पाच मिनिटांत जमेल.

सकाळी ११
जमलं नाही. चार्जिंग कमी असावं.

७ मे, बुधवार
मागच्याला साइड दिली. मग सगळ्यांनाच दिली. रस्त्याची काही रीत असते. आफरीन म्हणते, दादा, ही शर्यत आहे, स्टॉप घेऊ नका. वळणावर हॉर्न वाजवला, तरी आदळलो. बनवणाऱ्यांनी घाट बघितलेला नसणार.

८ मे, गुरुवार
उद्यापासून पहाटे पाचला सराव. चष्मा न लावता. चष्म्यानंच घोटाळा होतो.

९ मे, शुक्रवार
आठला उठलो. सराव मनातल्या मनात केला. तो जास्त पक्का होतो.

१० मे, शनिवार, संध्याकाळी ६
जिंकलो! पाटीतलं सगळंच बारीक, म्हणून सरळ टीव्हीकडे बघून चालवली. शेजारी आफरीन दुसरी गाडी चालवत होती. कुठंही घासली नाही. वळणं अशी घेतली की टपावर चहाचा कप ठेवावा, सांडणार नाही. उमरला म्हटलं, आण किल्ली. तो उठून बाहेर गेला. शरमला असणार.

साडेसहा
आफरीन कानाशी येऊन म्हणाली, दादा, टीव्हीवर माझी गाडी होती. तुमची पाटीत.
पाटी डोळ्यांजवळ धरली. माझी गाडी पहिल्याच वळणावर कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून उभी. चाकं फिरतायत.
बायको, खातूनबी, एरवी माझ्यावर हसायची एक संधी सोडत नाही. आज हसली नाही. म्हणाली, अहो, हात धुवा, जेवायला वाढते.

११ मे, रविवार
किल्ली उमरकडेच ठेवायला सांगितली. मोठ्या मनानं. पेट्रोल तरी किती महाग झालंय.

मंद्रूपला बसनं निघालो. गाडीत चढल्यावर ड्रायव्हरला सांगितलं, मीपण लाइनवरचाच. तो म्हणाला, व्हय का, दांडा नीट धरून बसा.

कंडक्टरबाईनं अर्धं तिकीट पुढे केलं. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड काढायला लागलो, तर म्हणाली, राहू द्या आजोबा, दिसतंय की.