वाऱ्यानं पडलेलं झाकण

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिला तर ‘उठताना पाठ धरेल हो’ म्हणशील, म्हणून नुसतंच ताई.

सहा वर्षं पियानोला हात लावला की माझी उजवी अनामिका आणि करंगळी आत वळायची. डॉक्टर म्हणाले, “बोटं ठणठणीत आहेत बाई, गोंधळ डोक्यात आहे.” आपल्या संस्कृतात याला कर्मविपाक म्हणतात, केल्याचं फळ, हे मी त्यांना सांगितलं नाही. लहानपणी तुझीही हीच दोन बोटं निकामी झाली होती.

काल निरोपाच्या मैफलीत माझी बोटं शेवटच्या सुरापर्यंत सरळ राहिली. टाळ्या पडत होत्या, आणि मला पट्ट्यांवर आणखी एक हात दिसत होता. अकरा वर्षांच्या मुलीचा.

मग तूच मंचावर आलीस. “करंगळी जरा थरथरली हं, बाईसाहेब! आता झाकण लाव, धूळ बसेल.”

“तू लाव.”

“अजून वाऱ्याला घाबरतेस?” तू हसलीस आणि तीन बोटांनी झाकण लावलंस.

ताई, त्या दिवशी वारा नव्हता. खिडकी बंद होती. स्पर्धेसाठी तुझी निवड झाली होती, माझी नाही. तुझ्या बोटांवर झाकण मी पाडलं, आणि आईला वाऱ्याचं नावही मीच सांगितलं. तेव्हापासून मी पियानोचं झाकण कधीच लावत नाही. लोकांना तो कलावंताचा माज वाटतो.

हे पत्र टपालात टाकायचा धीर नाही. घरच्या पियानोच्या पट्ट्यांवर ठेवते आणि त्या दिवसानंतर प्रथमच झाकण स्वतः लावते. या वेळी हळू.

तुझी,
धाकटी