तळाशी शून्य

२ मे, गुरुवार

शून्य! तळाशी चक्क शून्य.

आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. नवं मीटर हातात येऊन आठवडासुद्धा झालेला नाही. केबलच्या टोकाचा प्रोब वर ओढला, फडक्यानं पुसला, परत सोडला. वर आठ, मध्ये तीन, मग एकदम घसरगुंडी. होडीवाले काका वल्हं मांडीवर घेऊन बघत होते. म्हणाले, "बाई, खाली मासे नाहीत का मग?" म्हटलं, काका, खाली कुणीच नाही.

जुन्या मीटरची कटकट होती. पातळ पडदा, आत द्रावण, आणि प्रोब सारखा हलवत राहायचा. याला तसलं काही लागत नाही. टोकाला काळी टोपी, तिच्यात रंगाचा थर. निळा उजेड पडला की तो रंग लाल चमकतो, आणि पाण्यातला प्राणवायू ती चमक विझवतो. म्हणजे जिथे जीव गुदमरेल, तिथेच चमक जास्त वेळ टिकते! हे वाचल्यापासून ती टोपी बघवत नाही.

४ मे, शनिवार

तळाचं पाणी बाटलीत आणून जुन्या पद्धतीनं तपासलं. मीटर खरं बोलतंय.

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे धरणाचे इंजिनिअर, माझ्यापेक्षा वयानं लहान. काहीही सांगा, उत्तर एकच — "बघूया." मी मनातल्या मनात त्यांना बघूयासाहेबच म्हणते. म्हणाले, "उन्हाळ्यात तळाचं पाणी असंच होतं ना? वरचं गरम पाणी झाकणासारखं बसतं." होतं, पण इतकं लवकर नाही. आणि झाकण इतकं वरही नसतं.

"बघूया."

७ मे, मंगळवार

पाणी झपाट्यानं उतरतंय. आता शहराला तळाच्या दरवाजातून पाणी द्यावं लागणार, आणि नेमका तोच दरवाजा अडकलाय. तो सोडवायला धरणातून पाणी सोडायच्या मनोऱ्याच्या बुडाशी, दरवाजाच्या खोलीत उतरायला लागतं. उतरणार कोण? दादा. या धरणावर फिटर तो एकच.

जेवताना त्याला म्हटलं, "खाली झिरप्याचं पाणी आहे. तळाचंच ते. जपून रे."

"चिमे, मी पाण्यात नाही उतरत, खोलीत उतरतोय. तुझं यंत्र तू माशांना दाखव." वहिनी फसकन हसली. मीही हसले. पण ताट अर्धंच सोडून उठले. आईवडील गेल्यापासून मी या दोघांच्यातच राहते. दादाला काही झालं तर — नको. लिहायलाही नको.

८ मे, बुधवार

आज खोलीच्या तोंडाशी गेले होते. लोखंडी झाकण उघडलं आणि सडक्या अंड्याचा भपकारा आला. ओणवी होऊन बघत राहिले. शिडीचे वरचे गज दिसतात, मग नुसता काळोख. खाली कुठेतरी पाणी टिपटिपतंय.

थोड्या वेळानं वास गेला. बरं वाटलं — आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला. वास गेला नव्हता. माझं नाक गेलं होतं! तळाच्या कुजक्या पाण्यातून सुटणारा हा विषारी वायू असाच. आधी स्वतःची वर्दी देतो, मग नाकच बधिर करून टाकतो. झाकण लावलं आणि उन्हात येऊन बसले. डोकं अजून ठणकतंय.

११ मे, शनिवार

एक कल्पना सुचली. हे मीटर टक्क्यांवर लावून दमट हवेत धरलं की शंभर दाखवतं. रोज सकाळी मी ते तसंच जुळवून घेते. मग खोलीतल्या हवेत का नाही धरायचं? तिथे दमटपणाला काय तोटा!

केबल सोडली. साहेब शेजारी उभे होते. एरवी सारखी शीळ घालतात, आज ती बंद. शंभर. शहाण्णव. अठ्ठ्याऐंशी. आकडा उतरत गेला तसा त्यांचा चेहराही उतरला. तळाशी एकाहत्तर.

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे माणूस उतरला तर धाप लागेल. आणखी कमी झालं तर धापही लागणार नाही, सरळ आडवाच."

या वेळी ते बघूया म्हणाले नाहीत. मोठा पंखा मागवतो म्हणाले. मी म्हटलं, नुसता पंखा पुरणार नाही. हे मीटर प्राणवायू सांगतं, विषारी वायू सांगत नाही. त्याचं यंत्र वेगळं. म्हणाले, "तेही मागवतो. गुरुवारपर्यंत येईल." मी मान हलवली खरी. गोड बोलून वेळ मारून नेणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

१३ मे, सोमवार

पंखा आला! दुपारभर घरघरत होता. जाड नळी खोलीत सोडलेली, अजगरासारखी. चार वाजता प्रोब सोडला — सत्त्याण्णव! परत सोडला, सत्त्याण्णवच.

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. दारातूनच ओरडले, "दादा, सत्त्याण्णव!" तो म्हणाला, "वा! पास झाली म्हणायची खोली." वहिनीनं तेवढ्यासाठी गोड केलं. किती दिवसांनी पोटभर जेवले.

एक गोष्ट मात्र खटकली. निघताना साहेब फोनवर बोलत होते. वरून कुणीतरी झापत असावं. "हो सर. शहराला पाणी द्यायलाच हवं, कळतंय सर. उद्या — हो, उद्या बघतो." उद्या कसं? वायूचं यंत्र तर गुरुवारी येणार.

१४ मे, मंगळवार

दादा आत पडला.

१५ मे, बुधवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. दादाच्या नाकातोंडात नळ्या आहेत. छाती वरखाली होते, तेवढ्यावर वहिनी आणि मी जगतोय.

काल मी होडीत होते. काठावर धावपळ दिसली. काकांनी होडी कशी वळवली कळलंच नाही. पंखेवाला डिझेल आणायला गेला होता. तो परतला तर खोलीचं झाकण उघडं, आणि एक दोर आत ताणलेला. त्यानं आणि काकांनी मिळून ओढला. वर आला दादा. दोर त्याच्या कमरेला होता, पण गाठ साहेबांच्या हातची. दादा आत कोसळलेला पाहून साहेब उतरले होते. दोन माणसं आणि दोर एक.

साहेबांना अग्निशमनवाल्यांनी काढलं. फार उशीर झाला होता.

दरवाजाच्या दांड्याभोवतीचं, पाणी अडवून धरणारं पॅकिंग सैल केल्याबरोबर तळाचं पाणी फवाऱ्यासारखं उडालं असणार. त्यातून वायू सुटला. माझ्या मीटरला तो कधीच दिसला नसता.

मला रडू येत नाही. नुसता संताप येतोय. मरताना दोर बांधलात, साहेब; जिवंतपणी दोन दिवस कळ काढता आली नाही? वरच्यांपुढे माना डोलवायच्या आणि माझ्या भावाला विहिरीत ढकलायचं!

१६ मे, गुरुवार

चौकशीचे अधिकारी आले. साधा, थकलेला माणूस. विचारलं, "आत उतरायचा हुकूम कुणाचा?" मी सांगितलं, साहेबांचा. फोनवरचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली.

संध्याकाळी वायूचं यंत्र आलं. खोकं तसंच माझ्या टेबलावर पडलंय.

१७ मे, शुक्रवार

दादा शुद्धीवर आला. आवाज घोगरा, तुटक. मी त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, "त्यांनी तुला पाठवायला नको होतं."

"कुणी?" तो म्हणाला. "साहेब नकोच म्हणत होते. गुरुवारपर्यंत पाऊल टाकायचं नाही, वरच्यांना मी सांगतो, म्हणाले. ते पलीकडे गेले आणि मी उतरलो. तू म्हणाली होतीस ना — सत्त्याण्णव."

वायूचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. साहेबांना सांगितलं होतं. दादाला नाही.

वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं. "वन्सं, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. यांची नोकरी जाईल. जो गेला, त्याला आता काय फरक पडतो?"

साहेबांचे वडील त्यांचं सामान न्यायला आलेत. खाली दवाखान्याच्या आवारात एकटेच उभे आहेत. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघून कुजबुजतात, आणि काय कुजबुजतात ते मला ठाऊक आहे. माझ्याच सहीखालचं.

मी खाली जातेय.