सातवं पाकीट

कोराडी कॉलनी, नागपूर
सोमवार, १० मार्च १९८६

प्रिय गिरिधर,

घाईघाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस. काल दुपारी तुझं सातवं पाकीट उघडलं. अडीच वर्षांनी! वाचलं आणि मला ठसकाच लागला. बहिणीला काय झालं म्हणून रविंद्र पाणी घेऊन धावला. तुझ्या सुमतीने विचारलं, काय निघालं गं? मी म्हटलं, मोरपीस. तुझ्याच बहिणीला दुसरं काय सांगणार होते?

तुझ्या मामांनी अमेरिकेहून गोष्ट सांगत खेळायच्या त्या खेळाच्या नियमांचं पुस्तक पाठवलं, तेव्हा अर्धं आपल्याला कळलंच नव्हतं, आठवतं? मग आपणच आपला खेळ केला. मी गोष्ट सांगायची, रविंद्र आणि सुमतीने त्यातले वाटसरू होऊन काय करायचं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते कवड्यांनी ठरवायचं. पुस्तकात खजिना म्हणून जिकडेतिकडे सोन्याच्या मोहरा. तू वैतागलास. म्हणालास, खजिना असा हवा की उचलताना हात अडला पाहिजे. म्हणून खजिना तू आधी लिहून पाकिटात बंद करायचास, मला फक्त तीन खुणा सांगायचास, आणि त्यावरून मी वाट रचायची. एका पाकिटातला तो विहिरीचा दोर! नेला तर अख्खं गाव तहानलेलं राहणार. आपले दोघं वाटसरू चहा पार निवेपर्यंत भांडले होते. वाटसरूंनी खजिना उचलल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही, हाही तुझाच नियम. एकदा मी गुपचूप डोकावले तर चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तेव्हापासून कानाला खडा.

सातव्याच्या खुणा मला तोंडपाठ आहेत. वजन काहीच नाही. अजून कोणाचाच नाही. उचलला तर दोन घरं रागावतील. आणि मी बावळट! दोन घरांची दोन गावं केली, मध्ये नदी घातली, दोन्ही काठांवर पहारे बसवले. आमच्याकडे बुद्धवंदना, तुमच्याकडे सोवळं-ओवळं. कोणती दोन घरं, हे मला कळायला नको होतं? शेवटच्या दाराशी रविंद्र म्हणाला, दोन गावं भांडवणारा खजिना मले नाही पाहिजे, चाल वं सुमती, वापस. दोघं फिरले आणि मी टाळ्या वाजवल्या रे! वाटसरूंना खजिन्यालाच नाही म्हणायला लावलं, म्हणून केवढी फुशारले होते मी. तू कवड्या गोळा करून निघालास. मला वाटलं, हरल्यामुळे तोंड पाडलंय. आठ दिवसांत भिलाईची नोकरी धरलीस. नंतर दिवाळीचं एक कार्ड, तेही घरच्या सगळ्यांना मिळून. काहून गेला हा माणूस असा, म्हणून मी किती दिवस धुमसत होते.

पाकीट आईच्या भिवापुरी मिरच्यांच्या डब्यात ठेवलं होतं, त्यात सहसा कोणी हात घालत नाही. दर उन्हाळ्यात नव्या मिरच्या भरताना हाती यायचं. उजेडात धरून बघावंसं कितीदा वाटलं. नाही बघितलं, आईची शपथ.

काल सुमती बातमी घेऊन आली की येत्या रविवारी तू धरमपेठेत मुलगी बघायला येणार. मी हसून चहा केला, साखर मात्र घालायची विसरले. ती म्हणाली, दादाचं लग्न ठरलं की कुठला खेळ, ती राहिलेली वाट तरी पूर्ण करू. या खेपेला रविंद्र दाराशी अडला नाही. भांडू दे गावं, म्हणे, एकदा पाहून तर घेऊ. कवड्या पडल्या, दार उघडलं, मी पाकीट फोडलं. आधी मिरचीचा ठसका, आणि मग तुझं अक्षर. ‘प्रेमिला, खजिना म्हणजे तुझा होकार. वाट तूच रचणार आहेस. वाटसरू दारातून परतले, तर मी समजून जाईन.’ खाली पट्टीने आखलेली एक रिकामी ओळ.

अरे मूर्खा! काय समजून गेलास? मी खुणांवरून सगळं ओळखलं आणि मुद्दाम त्यांना परतवलं, असं वाटलं तुला? मला काहीसुद्धा कळलं नव्हतं! तुझाच नियम पाळत बसले होते मी. एकदा, फक्त एकदा तोंडाने विचारलं असतंस! रात्रभर आळीपाळीने राग येत होता आणि रडू.

पण हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. रविवारच्या आत तुला गाठायचं आहे. त्या मुलीला उगाच नटूनथटून पोहे घेऊन बाहेर यायला लावू नकोस, येणार नाही असं आधीच कळव. आज सकाळी मी बाबांना सांगितलं. ते जेवले नाहीत, पण ओरडलेही नाहीत. तुझं घर तू बघ. अडीच वर्षांत तुझं मन बदललं असेल, तर तसं लिही. मी रडेन आणि गप्प बसेन. पण लिही. या वेळी आपलं आपण काही समजून जाऊ नकोस. चिठ्ठी सोबत परत पाठवतेय. ती ओळ मी भरली आहे. उघडायला कवड्या टाकत बसू नकोस.

तुझीच (हा शब्द आज पहिल्यांदाच लिहितेय),
प्रेमिला