गवत कसं होतं?

मेपल, मंगळवार

आदरणीय ओपा,

आजोबांना नात रूलीनचा नमस्कार. तुमची तब्येत ठीक असावी, कंबर फार तर गेल्या आठवड्याइतकीच दुखत असावी आणि कोंबड्या तुमचं ऐकत असाव्यात, असं धरून चालते. नवे बूट पायाला लागत नाहीत ना? वाकायला नको म्हणून मी मुद्दाम बिनलेसचे, चिकटपट्टीचे घेतले होते. दुकानदार म्हणाला, असे बूट शाळेतली पोरं घालतात किंवा शहाणी म्हातारी माणसं. (तुम्ही यांपैकी कशात बसता ते मी त्याला सांगितलं नाही.) मी ठीक आहे. गुडघा ठीक नाही, पण तो माझ्यात धरायचा की वेगळा, यावर क्लबात दुमत आहे.

पत्र लिहायला तसं काही कारण नाही. सोमवारच्या फोनवर आपलं सगळं बोलून होतंच. म्हणजे तुम्ही ‘गवत कसं होतं?’ असं विचारता, मी ‘ओलं होतं’ किंवा ‘कोरडं होतं’ म्हणते आणि मग आपण कोंबड्यांकडे वळतो. गावातल्या शनिवारीच खेळणाऱ्या फुटबॉल क्लबात आयुष्यभर मैदानावर चुन्याच्या रेषा मारलेल्या माणसानं एवढं विचारलं तर त्यानं देवाचा रविवार मोडत नाही, हे मला मान्य आहे. माझे सामने रविवारी असतात यात तुमचा दोष नाही, माझाही नाही. वेळापत्रक करणाऱ्यांना आपल्या गावच्या चर्चमधल्या सकाळच्या आणि दुपारच्या प्रार्थना ठाऊक नाहीत. तुमच्या घरात टीव्ही नाही, रविवारी तुम्ही बसमध्ये चढत नाही, सायकलला हात लावत नाही. त्यामुळे सात हंगाम पगारी फुटबॉल खेळूनही, ज्या माणसानं मला कोठाराच्या दारावर चेंडू मारायला शिकवलं त्यानं मला मैदानावर एकदाही पाहिलेलं नाही. ही तक्रार नाही, नुसती वस्तुस्थिती आहे. तुम्ही कधी रागावलाही नाहीत. रागावला असतात तर भांडता तरी आलं असतं. (गेल्या महिन्यात तुम्ही विचारलंत, उजव्या कोपऱ्याजवळचं गवतातलं टक्कल कधी बुजवणार? मी म्हटलं, विचारते. फोन ठेवल्यावर आठवेना, की त्या टकलाबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलं. सांगितलं असणार.)

आता बातमी. क्लब माझा करार वाढवत नाहीये. या हंगामानंतर मी फुटबॉलपटू नसेन. आमची प्रशिक्षक माख्तेल्ड हिनं मला खोलीत बोलावलं, कॉफी दिली, एक बिस्किट दिलं, डबा बंद केला (तेव्हाच मला कळलं की बोलणं लांबणार नाही) आणि म्हणाली, “रूलीन, तू फार उपयोगाची आहेस. फक्त तू नेमकं काय करतेस ते मला क्लबच्या संचालकांना समजावता आलं नाही.” मी म्हटलं, मलाही आईला समजावता आलेलं नाही. तुम्हाला प्रयत्न करून सांगते. मधल्या फळीत मी जिथे उभी असते तिथे चेंडू येणार असतो, पण मी तिथे आहे असं पाहून समोरची बाई तो दुसरीकडे मारते. म्हणजे माझं काम चोख झालं तर माझ्याकडे काहीच घडत नाही. पाणी मंडळातल्या माझ्या अर्धवेळ नोकरीतही तेच. सकाळी मी कालव्यांची पातळी बघते, कुठला पंप कधी चालवायचा ते ठरवते, आणि लोकांची तळघरं कोरडी आहेत तोवर माझी कुणाला आठवण येत नाही. समालोचक माझं नाव सामन्यात एकदाच घेतो, मी बाहेर येताना. तेही ‘रोलीन’ असं.

आमच्या मैदानाच्या दाराशी खेळाडूंच्या पुठ्ठ्याच्या उंच प्रतिमा उभ्या असतात. मीही आहे. परवा एका बाईंनी मला थांबवलं, हातात फोन दिला आणि पुठ्ठ्यातल्या मला मिठी मारून म्हणाल्या, “काढा हो एक. ही फार आवडते मला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.” मी फोटो काढला. त्या म्हणाल्या, “तिचे पाय नाही आले. जरा मागे व्हा ना.” मी मागे झाले. तुम्ही म्हणाल, सांगायचं होतंस मीच ती म्हणून. पण तेव्हा त्या इतक्या खूश होत्या की मधे पडावंसं वाटेना.

माझ्या वाढदिवसाला तुम्ही फोन केलात, त्याबद्दल आभार. फोनवर मी ‘छान झाला’ म्हटलं, ते अचूक नव्हतं. ज्याचा वाढदिवस त्यानं खाऊ आणायचा हे तर ठरलेलंच, म्हणून मी दोन मोठे सफरचंदाचे टार्ट घेऊन ड्रेसिंग रूममध्ये गेले. संघ, प्रशिक्षक, कपडे धुणारे, सगळ्यांना पुरतील असे, आदल्या दिवशीच कापून ठेवलेले (सारखे, मी कोन मोजले होते). मग बसले. कुणी येईना. सराव दुसऱ्या मैदानावर हलवल्याचा निरोप ग्रुपवर आला होता, आणि ग्रुप मी बंद ठेवला होता, कारण त्यावर आधी दोन दिवस कुणाचा तरी केसांचा रबर हरवला होता. शेवटी आमचा फिजिओ वीबे त्याची बॅग न्यायला आला. मला अंगात कोट आणि मांडीवर टार्ट अशी बसलेली बघून म्हणाला, “कुणी गेलं का?” मी म्हटलं, वाढदिवस आहे. “कुणाचा?” “माझा.” “अरे! अभिनंदन! आणि गुडघ्याचंही अभिनंदन, तोही तेवढ्याच वयाचा.” (गुडघा तसा नाही. एका बाजूनं पन्नाशीचा आहे.) त्यानं एक तुकडा उभ्यानंच खाल्ला आणि गेला. उरलेले घेऊन बाहेर पडले तर दार लागेना. पुठ्ठ्यातली मी वाऱ्यानं आडवी झाली होती. तिला उभी केली, टार्ट तिच्यापाशी ठेवून कुलूप शोधत राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, दोघींचं बरं चाललंय.

दुसऱ्या दिवशी टार्ट पाणी मंडळात नेले. तिथे सगळ्यांनी रीतीप्रमाणे माझं आणि मग एकमेकांचंही अभिनंदन केलं, ‘रूलीनबद्दल’ म्हणून. बरं वाटलं. मी जूनपासून तिथे पूर्णवेळ असेन. पंप कुठे जात नाहीत.

लिहिण्यासारखं एवढंच. कंबरेला शेक द्या. कोंबड्यांना रात्री कोंडायला विसरू नका.

तुमची नात,
रूलीन

ता. क. शेवटचा घरचा सामना रविवारी नाही. त्या रविवारी मैदानावर बँडपथकांचा मेळावा आहे (गवताचं काय होईल ते विचारू नका), म्हणून आमचा सामना आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी सव्वादोनला ठेवलाय. तुमच्याकडून बस आणि पुढे आगगाडी. माझ्या नावावर एक खुर्ची मिळते. आजवर ती वीबेच्या सासूला देत आले. फक्त माहितीसाठी लिहिलं. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

ता. क. २. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. तुमच्या समोरच्या घरातल्या डोरेपालबाईंचा, म्हणजे उत्रेख्तहून आलेल्या, रविवार न पाळणाऱ्या त्या मंडळींचा, आत्ता फोन आला होता. त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं देते.

“तुझे आजोबा बरे आहेत ना गं? नाही, म्हणजे दर रविवारी दोन प्रार्थनांच्या मधे फिरायला निघतात ना, ते आमच्या खिडकीपाशी येऊन थांबतात. म्हणतात, बुटाची लेस सुटली. तुझा सामना संपेपर्यंत लेसच बांधत असतात! आत या म्हटलं तर म्हणतात, ‘आभारी आहे बाई, मी रविवारी टीव्ही बघत नाही.’ मग आमच्या ह्यांनी टीव्हीच रस्त्याकडे तोंड करून ठेवला. आम्ही दोघं बाजूला बसून माना वाकड्या करून बघतो. पावसात छत्री न्यायला गेले तर म्हणाले, ‘छत्री धरली तर लेस कशी बांधू?’ फक्त तुझ्या गुडघ्याला लागलं ना, त्या दिवशी तेवढे उभे राहिले गं. टोपी काढली, काचेला हात लावला. तू उठेपर्यंत लेस विसरलेच.”

मी त्यांना म्हटलं, आजोबा बरे आहेत.

ता. क. ३. ओपा, त्या बुटांना लेस नाहीत. मीच आणलेत. शनिवारी येताना तेच घाला. खुर्ची उजव्या कोपऱ्यासमोर आहे, टक्कल अजून बुजवलेलं नाही.