कुंपणातला करंट

पेडगाव, १२ जानेवारी

ती. अमृतदादास, शालूचा सा. न. वि. वि.

फोन केला की आबा शेजारी येऊन बसतात, म्हणून पत्र. मेंढवाड्यावरून विजेच्या टॉवरची लाइन गेल्यापासून वाड्याच्या कुंपणाच्या तारेला हात लावला की झटका बसतो. परवा आई त्या झटक्याने पडली आणि तिचं मनगट मोडलं. आबा तक्रार घेऊन गेले तर लाइनवाल्या कंपनीचा साहेब म्हणाला, आमची तार तुमच्या तारेला लागलीच नाही, म्हातारा पिऊन बोलतोय. आबांनी जन्मात दारू शिवली नाही, तरी गाव हसायलंय. तू पुण्यात याच विषयाचा संशोधक. चार ओळी लिहून दे, तेवढं तरी तुझं शिक्षण घरी येऊ दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
शालू

पुणे, २० जानेवारी

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

आबा खरं बोलतात. वरच्या लाइनभोवती विद्युतक्षेत्र असतं. कोरड्या लाकडी खुंटांवरची लांब तार त्यात आली की स्पर्श न होताही तिच्यात विजेचा दाब तयार होतो. लोखंडी सळई ओल्या जमिनीत खोल ठोकून तार तिला बांधा, झटका जाईल. लेखी मात्र मागू नकोस. आमच्या प्रयोगशाळेचा खर्च तीच कंपनी करते. आईला जप.

राग धरू नये, ही विनंती.
अमृत

पेडगाव, ९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

सळई ठोकली, झटका गेला. आबा गावभर सांगत सुटले की अमृतनं पुण्यात बसून करंट काढला.

काल ग्रामपंचायतीत बैठक झाली. साहेबाने तुझा अहवाल वाचला, लाइनखालच्या कुंपणांना काही होत नाही म्हणून. खाली तुझी सही, आणि तारीख आईचं मनगट मोडल्यानंतरची. मी मान खाली घातली. आबा उठून साहेबाला म्हणाले की आमचा अमृत असं लिहिणारच न्हाई, सही तुमीच मारली. लोक पुन्हा हसले. सहीबाबत साहेब खोटं बोलत नव्हता, दादा. तू त्याच्यासाठी आबांना खोटं पाडलंस.

पुढची बैठक शुक्रवारी आहे. तू येऊन साहेबाला सगळ्यांसमोर उघडं पाडावं, असं आबांनी मला लिहायला सांगितलंय. तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे. आबा मात्र घरोघरी जाऊन सांगून आलेत की शुक्रवारी आमचा अमृत येतोय.

या खेपेला लोभ मागत नाही.
शालू